आठ दिवस आणि एक दाढ

मला कसलंही व्यसन नाही, असं मी सत्तरी उलटेपर्यंत चारचौघांत छातीठोकपणे सांगत आलो. छातीठोकपणे म्हणजे माझ्या बेताने. मी बोललो की ऐकणारा बहुधा "काय म्हणालात?" असं विचारतो, आणि दुसऱ्यांदा सांगेपर्यंत मलाच शंका येते की पहिल्यांदा म्हणालो ते खरं होतं का. पण या बाबतीत शंका नव्हती. विडी नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. चहासुद्धा समोर आला तर घेतो, नाही आला तर नुसता स्वयंपाकघराकडे बघत बसतो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षं पुस्तकांच्या याद्या केल्या आणि कुणाच्या लक्षात न येता निवृत्त झालो. निरोपसमारंभात एका वक्त्याने चुकून शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाचं कौतुक केलं. ते इतकं मनापासून होतं की मीही टाळ्या वाजवल्या.

वाचतो, एवढंच. पण ती सवय.

"सवय नव्हे ती," बायको म्हणाली. "व्यसन."

हे बोलणं निघालं मुलीच्या बदलीवरून. तिची बदली आमच्या गावात झाली होती. जावई वर्षातले आठ महिने बोटीवर असतो, म्हणून ती बाळाला घेऊन आमच्याकडेच राहणार होती. आमच्या घरात तीन खोल्या. आतल्या खोलीत माझी अकराशे पुस्तकं. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन आणि कापड बेतायचं टेबल. हे टेबल एवढं मोठं, आणि त्यावर कापडांचा ढीग एवढा उंच, की त्याच्या दोन बाजूंना बसलेले पाहुणे एकमेकांची तब्येत न बघताच विचारतात. आतली खोली मुलीला द्यायची तर पुस्तकं बाहेर यायला हवीत. पुस्तकं बाहेर आली तर टेबल जायला हवं.

"टेबलावर मी काम करते," बायको म्हणाली. "तुम्ही पुस्तकांवर काय करता?"

"वाचतो."

"तेच म्हणते मी. माणसाला एखादी गोष्ट सोडता येत नाही तेव्हा ते व्यसन."

"मला केव्हाही सोडता येईल."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं, याचा मी आजही विचार करतो. बायकोने हातातली कात्री खाली ठेवली. ती कात्री क्वचितच खाली ठेवते.

"आठ दिवस," ती म्हणाली. "या रविवारपासून पुढच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. एक अक्षर वाचायचं नाही. जमलं, तर माझं टेबल मी काढते. नाही जमलं, तर पुस्तकं वाचनालयाला. सगळी."

तिने आतल्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

पहिला दिवस मी आरामात काढला. म्हणजे सकाळी नऊपर्यंत. नऊला पेपर आला. माझा हात पुढे होण्याआधीच बायकोने तो टेबलावर पसरला आणि त्यातून एका ब्लाउजचा नमुना कापला. मला फक्त 'मुख्य आरोपीला अखेर' एवढं दिसलं. अखेर त्याचं काय केलं, ते कुणाच्या तरी बाहीत गेलं.

दुसऱ्या दिवशी मी साबणाचं वेष्टण वाचलं. हे वाचणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. समोर आलेल्या अक्षरांवर नजर पडणं वेगळं. पण नजर एकदा पडली की ती काही उठायला तयार होईना. टूथपेस्ट झाली, मग कीटकनाशकाचा डबा झाला, त्यात सावधगिरीच्या नऊ सूचना होत्या, त्या मी दोनदा वाचल्या. मग बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या खोक्यात तो बारीक घड्यांचा कागद सापडला. दोन्ही बाजूंनी छापलेला! मी तो मोज्यात लपवून न्हाणीघरात नेला. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण शेवटपर्यंत उत्सुकता टिकली.

संध्याकाळी बायको धुवायचे कपडे गोळा करत होती.

"माझ्या गोळ्यांचा कागद तुमच्या मोज्यात कसा?"

"बूट सैल होतो," मी म्हणालो.

तिने गोळ्यांचं खोकं उघडलं. मग तिने गोळ्या मोजल्या. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलेलं तिने पाहिलं.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी फिरायला म्हणून बाहेर पडलो. माझी पावलं वाचनालयाकडे वळायला लागली, म्हणून मी मुद्दाम उलट दिशेने चालू लागलो. बाजारामागच्या रस्त्यावर एक जुनी तीनमजली इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी मला बाकावर बसलेली माणसं दिसली, आणि खिडकीच्या फळीवर जुन्या साप्ताहिकांचा गठ्ठा. मी जिना कधी चढलो ते मला आठवत नाही.

"नंबर लावलाय का?" दारातल्या बाईंनी विचारलं.

तो दातांचा दवाखाना होता.

"दाढ दुखते," मी म्हणालो. सत्तर वर्षांत मी इतकं सहज खोटं बोललो नव्हतो.

त्या गठ्ठ्यात आठ वर्षांपूर्वीची साप्ताहिकं होती आणि त्यांत सोळा भागांची एक रहस्यकथा. एका श्रीमंत आत्याबाईंना विष घातलेलं असतं. घालणारा घरातलाच. वकील, पुतण्या, नाहीतर नर्स. अंक उलटेसुलटे लागले होते, त्यामुळे मी आधी भाग सहा वाचला, मग एक. माझा नंबर आला तेव्हा पुतण्या नुकताच खोटं बोलताना सापडत होता.

"यांना जाऊ द्या आधी," मी शेजारच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणालो. "त्यांना जास्त त्रास दिसतो."

तो माणूस फक्त दात साफ करून घ्यायला आला होता. तरी त्याने माझे आभार मानले.

बुधवारी चार भाग झाले, गुरुवारी चार. रोज मी नंबर लावायचो आणि रोज कुणालातरी पुढे करायचो. दारातल्या बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या. मीही त्यांच्याकडे संशयाने बघत होतो, कारण भाग अकरा गठ्ठ्यात नव्हता, आणि त्यांच्या टेबलाच्या खणातून साप्ताहिकाचा एक कोपरा बाहेर आला होता.

घरी माझं लक्ष कशातच लागेना. गुरुवारी जेवताना मी मनाशीच म्हणालो, "नर्सवर माझा विश्वास नाही."

बायकोचा वाढता हात थांबला. "कोण नर्स?"

"कोणी नाही."

"कोणी नाही तर विश्वासाचा प्रश्न कुठे आला?"

मी ताट पुढे केलं. वरण मात्र तिने मला वाढलं नाही.

शुक्रवारी अनर्थ झाला. भाग चौदा संपत असताना बाईंनी माझ्या हातातलं साप्ताहिक हळूच काढून घेतलं, माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "काका, आज तुम्हीच. चार दिवस बघते आहे मी. भीती सगळ्यांनाच वाटते."

दंतवैद्य तरुण होता आणि फार चांगला होता. चांगल्या माणसांपुढे मला नाही म्हणता येत नाही.

"कुठली दाढ?"

हा विचार मी केलाच नव्हता. जिभेने चाचपून एक निवडली. "ही."

त्याने ठोकून पाहिली. "दुखतंय?"

"नाही."

"ही शेजारची?"

"नाही."

"मग दुखते कुठली?"

"पहिलीच. ठोकली की दुखत नाही. एरवी दुखते."

त्याने फोटो काढला, आरसा घालून पाहिलं, पुन्हा ठोकलं. "काका, थोडी हलते आहे, पण मी तुमच्या जागी असतो तर राहू दिली असती. मात्र चार दिवस तुम्हाला एवढा त्रास होत असेल, तर काढून टाकू. तुम्ही सांगा."

माझं सबंध आयुष्य मी इतरांनी सांगितलेलं ऐकण्यात घालवलं, आणि नेमकं इथे मला विचारलं गेलं. खरं सांगितलं असतं तर दाढ वाचली असती. पण मग उद्यापासून बाहेरच्या बाकावर बसायला तोंड राहिलं नसतं, आणि अजून दोन भाग बाकी होते.

"काढा," मी म्हणालो.

"छान. मग उद्या दाखवायला या."

उद्या या, असं तो आपण होऊन म्हणाला! तोंडात कापूस, अर्धा गाल बधिर, आणि मी घरी जाताना मनातल्या मनात आनंदात होतो.

दार बायकोने उघडलं. माझ्या अंगाला स्पिरिटचा वास येत होता, तोंड वाकडं झालं होतं आणि बधिर ओठामुळे शब्द एकमेकांवर पडत होते.

"काय झालं?"

दाढ काढली असं सांगितलं तर ती विचारणार, दुखत कधी होती. आदल्या आठवड्यातच मी तिच्यासमोर बदाम फोडून खाल्ले होते. म्हणून मी म्हणालो, "पडलो."

"कुठे?"

"जिन्यात."

"कुठल्या जिन्यात?" आमचं घर तळमजल्यावर आहे.

मी सरळ पलंगावर जाऊन आडवा झालो. एवढंच करायला नको होतं. त्या क्षणी तिच्या मनात मोज्यातला कागद, नर्स, वास, जिना हे सगळं एका ओळीत उभं राहिलं, आणि तिने तिच्या धाकट्या भावाला फोन केला.

माझा मेहुणा पोलिसातून निवृत्त झाला आहे. सगळे त्याला फौजदार म्हणतात, आणि तो निवृत्त झाल्याचं त्याला स्वतःला अजून कळवलेलं नाही असं मला वाटतं. तो आला, माझ्या उशाशी वाकला आणि नाकाने दोनदा श्वास घेतला.

"देशी नाही," तो बहिणीला म्हणाला. "काहीतरी औषधी आहे."

"अरे, पुस्तकं सोडायला लावली मी," बायको कुजबुजली. "त्याचं हे झालं का?"

"ताई, तू काळजी करू नकोस. उद्या मी बघतो कुठे जातात ते."

शनिवारी मी दवाखान्यात गेलो. माझ्या मागे पन्नास पावलांवर फौजदार होता, हे मला नंतर कळलं. त्याने मला त्या इमारतीत शिरताना पाहिलं. दंतवैद्याची पाटी लहान आहे आणि ती फाटकावरच्या वेलीत बुडून गेली आहे. दुसऱ्या मजल्याची पाटी मात्र चांगली दोन हात रुंद आहे: 'व्यसनमुक्ती केंद्र'.

तो वर आला नाही. सावज बिथरू द्यायचं नाही, असा त्याचा नियम आहे. तो थेट माझ्या घरी गेला.

"ताई, एक वाईट बातमी आहे आणि एक चांगली. वाईट म्हणजे भाऊजींना व्यसन आहे. चांगली म्हणजे त्यांचे ते उपचार घेतायत."

इकडे मी भाग पंधरा वाचून सोळावा शोधत होतो. गठ्ठा अर्धा झाला होता.

"वरच्या केंद्रातले लोक मागत होते," दारातल्या बाई म्हणाल्या. "पेशंटना वाचायला काहीतरी हवं म्हणून. सकाळीच निम्मे अंक दिले. आणि काका, उद्या रविवार, आम्हाला सुट्टी."

घरी आलो तर बायकोने माझ्यासाठी मऊ खिचडी केली होती. ताटाशी बसून ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "मी काही विचारणार नाही हं तुम्हाला."

मी घाबरलो. चाळीस वर्षांत तिने मला काही विचारलं नाही असं झालेलं नव्हतं. मग तिने स्वतः उठून माझ्या पाठीमागे उशी ठेवली. माझी खात्री झाली की हिने पुस्तकांची परस्पर विल्हेवाट लावली आहे. जेवण झाल्यावर मी हळूच जाऊन कुलूपबंद दाराच्या फटीला नाक लावलं. आतून जुन्या कागदाचा वास येत होता. तेवढ्यात मागे वळून पाहिलं, तर दारात बायको उभी, आणि तिच्या डोळ्यांत पाणी.

"वास घेता?" ती म्हणाली. "एवढं वाढलंय?"

रविवार, आठवा दिवस. दुपारी बाराला पुस्तकांसाठी बाहेरची खोली सहा तासांवर आली होती. चारच्या सुमारास फौजदार आला आणि बायको पदर सारखा करून म्हणाली, "आम्ही जरा बाहेर जाऊन येतो. तुम्ही पडून राहा."

कुठे, ते तिने सांगितलं नाही. वाचनालयात पुस्तकांचं पक्कं करायला चालले, हे मी ओळखलं. माणसाला एवढ्या शेवटी फसवायचं? मग मीही चप्पल घातली आणि सोळाव्या भागामागे निघालो.

केंद्राच्या दारात मी श्वास घ्यायला थांबलो. आत टेबलावर माझा गठ्ठा होता. सर्वांत वरच्या अंकावर आत्याबाईंचं चित्र होतं: भाग सोळा. मी हात पुढे केला, आणि त्याच वेळी मला टेबलापलीकडे बसलेली बायको दिसली. तिच्या शेजारी फौजदार. समोर केंद्रातल्या समुपदेशक बाई, तिशीच्या, शांत चेहऱ्याच्या.

नंतर कळलं की बायकोने त्यांना विचारलं होतं, "आमचे हे रोज येतात का इथे?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "कोण येतं कोण नाही, हे आम्ही कुणालाच सांगत नाही." त्यावर फौजदाराने बहिणीकडे पाहून मान हलवली होती. एवढा पुरावा त्याला नोकरीतही कधी मिळाला नसेल.

"हेच," बायको म्हणाली.

"बसा, आजोबा," समुपदेशक बाई म्हणाल्या. "इथे कुणी रागावणार नाही. मी काही प्रश्न विचारते, फक्त खरं सांगा. कशाचं ते आपण शेवटी बोलू."

मी पकडला गेलो होतो. खोटं बोलायचं माझं त्राण मंगळवारपासून वापरून संपलं होतं.

"तुम्ही हे घरच्यांपासून लपवून करता?"

"हो."

"त्यासाठी खोटं बोलावं लागलं?"

"रोज."

"सोडायचा प्रयत्न केला होता?"

"आठ दिवसांपूर्वी. एक दिवस जमलं."

"थोडंसंच करू असं ठरवून जास्त झालं, असं होतं का?"

"एकाने सुरुवात होते. मग एका बैठकीत चार."

बायकोने तोंडाला पदर लावला. "चार," ती भावाला म्हणाली.

"त्यापायी शरीराला काही इजा?"

मी तोंड उघडून जागा दाखवली. समुपदेशक बाई पुढे वाकल्या. "मारामारी?"

"नाही. स्वतःहून काढून घेतली. खाली, पहिल्या मजल्यावर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, तुम्ही नेमकं घेता काय?"

"घेत नाही. वाचतो." मी गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. "हे."

मी सगळं सांगून टाकलं: साबण, गोळ्यांचा कागद, बाक, वकील, पुतण्या, नर्स, दाढ. फौजदार मधेच म्हणाला, "म्हणजे ती नर्स..."

"भाग तीनमध्ये येते," मी म्हणालो.

बायको उठली, माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पीत नाही," ती म्हणाली. "हे पीत नाहीत." तिला हुंदका आला. मग तिने डोळे पुसले, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच झाले होते.

"म्हणजे तुम्ही हरलात," ती म्हणाली.

मी समुपदेशक बाईंकडे आशेने पाहिलं. "बाई, तुम्हीच सांगा. वाचणं ही सवयच ना?"

"सवय सुटली तर माणूस चिडतो, दोन दिवस येरझारा घालतो आणि दुसऱ्या कशात तरी रमतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाढ काढून घेतलीत, आजोबा." मग त्या फौजदाराकडे वळल्या. "तुम्हाला निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि अजून पाठलाग करता?"

"सवय आहे," फौजदार म्हणाला. त्यांनी केंद्रात नाव नोंदवायचा एक अर्ज मला दिला आणि एक त्याला.

निघताना मी भाग सोळाकडे पाहिलं. बायकोने तो उचलला आणि बाईंना विचारून पिशवीत घातला. घरी येऊन ती टेबलाशी बसली आणि मागचे पंधरा भाग न वाचता तिने सरळ तो शेवटचा भाग वाचला. मी समोर बसून तिचा चेहरा बघत होतो. वाचून झाल्यावर ती "असं होय," एवढंच म्हणाली आणि तिने अंक कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. कुणी विष घातलं ते मी तिला विचारलेलं नाही. मलाही थोडा स्वाभिमान आहे. आणि तिने सांगितलं तरी ते खरं असेल का, याची मला शंका येईल.

पुस्तकं गेली. मंगळवारी वाचनालयाची माणसं येऊन अकराशेच्या अकराशे घेऊन गेली. मुलगी बाळाला घेऊन आली, आणि आतल्या खोलीत आता दिवसभर जो आवाज असतो त्यात मला तसंही वाचता आलं नसतं, असं मी म्हणतो. पुस्तकं दिली म्हणून वाचनालयाने आम्हाला तहहयात सभासदत्व दिलं. समुपदेशक बाईंच्या सल्ल्याने ते बायकोच्या नावावर घेतलं आहे. ती एका वेळी एकच पुस्तक आणते. मला देण्याआधी ते कसलं आहे याची खात्री करायला स्वतः वाचते, रोज दुपारी चार पानं, मोजून. तोवर मी तिच्या खुर्चीमागे उभा राहतो आणि तिच्या खांद्यावरून बघतो. ती पान उलटायला फार वेळ लावते. एकदा मी "झालं का?" असं विचारलं तर तिने तेच पान पहिल्यापासून वाचलं.

काल मात्र एक गोष्ट घडली. चार पानं झाली. तिने पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं. मी पाणी प्यायला आत गेलो आणि तहान नाही असं लक्षात येऊन परत फिरलो. तिने पुस्तक पुन्हा उघडलं होतं. दाराकडे एकदा पाहून ती पाचवं पान वाचत होती, आणि मग सहावं.

मी चवड्यांवर मागे सरलो. तारीख तेवढी लिहून ठेवली आहे.